तीन फिन आधी, चार फिन नंतर

दादाच्या शेडमधल्या लांब टेबलावर पाच फिन होत्या: दोन मोठ्या, दोन लहान आणि एक सरळ, मधली. दहापैकी नऊ स्क्रू होते, ते आवळायची एक किल्ली होती आणि तळाला जेमतेम चार बोटं रेझिन उरलेला एक डबा होता. शेजारी गुडघ्यांवर बसून लाटेवरून घसरत जायची फळी पालथी पडली होती. तिच्या पोटाला फिन बसवायच्या पाच खाचा होत्या. माशाला पर तशा फळीला फिन. त्यांच्यावाचून वळता येत नाही. पाचपैकी तीन खाचांना तडे गेले होते.

तड्यांतून पाणी आत झिरपत होतं. दादाचं म्हणणं, खाचा रेझिनने बुजवून फिन फळीलाच कायमच्या चिकटवून टाकू. म्हणजे बदलाबदलीचा विषय संपला. पुढे दोन मोठ्या आणि मागे एक मधली अशा तीन, की मागे दोन लहान लावून चार, काय ते एकदाच ठरवायचं. तेही शनिवारच्या आत, कारण शनिवारी तो शेड रिकामी करून देणार होता. सव्वीस वर्षं फळ्या बनवल्यावर रेझिनच्या वासापुढे त्याच्या छातीने हात टेकले होते.

फळी त्याच्या धाकट्या बहिणीची. वय त्रेचाळीस, तरी दादाच्या तोंडी अजून ‘बारके’. दवाखान्यांच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात ती इस्त्रीच्या रुळापाशी आठ तास उभी असे आणि सुटेपर्यंत तिचंच पिळून काढलेलं फडकं होई. पूर्वी ती लाटेवर उभी राहायची. घोटा मोडला तेव्हा गुडघ्यांवर आली, आणि आता उजवा गुडघाही कुरकुरायला लागला होता. उजवीकडे वळायला गेलं की फळीची रुंद शेपटी खालून निसटे आणि ही पाण्यात. दोष फिनचा की गुडघ्याचा, तिला काही केल्या कळेना. शेवटी तिने एक आकडा ठरवला आणि तो फक्त दादाला सांगितला. दहा लाटांत सातदा नीट वळता आलं तर फळी दुरुस्त करायची. तीनवरही नाही आणि चारवरही नाही, असं झालं तर पुरे झालं, फळी कचऱ्यात.

बुधवारी कामावरून सुटून तिने तीन फिनवर दहा लाटा घेतल्या. मग वाळूत बसून गारठलेल्या बोटांनी मधली फिन काढली, दोन लहान बसवल्या आणि परत दहा घेतल्या. गुरुवारीही तेच. नोंद ठेवायला बांधावर वहिनी बसली होती. ती शाळेत शिकवते. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, एक डोळा पेपरांवर आणि एक नणंदेवर. वळली की बरोबरची खूण, पडली की फुली. मधूनच, या प्रगतीवर वरच्या वर्गात घालता यायचं नाही हं वन्सं, असं बांधावरून ऐकवायचीही.

बुधवारी तीन फिनवर पाच झाले, चारवर चार. गुरुवारी तीनवर सहा, चारवर तीन.

गुरुवारी संध्याकाळी तिने तो कागद दादापुढे ठेवला. दादा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. रुंद शेपटीला दोन्ही कडांशी पकड हवी, म्हणजे गुडघ्यांवरच्या फळीला चारच, हे त्याचं सव्वीस वर्षांचं मत. कागद नेमकं उलटं सांगत होता.

“चारवरही पडतेस, तर हा फिनचा विषय नाही, बारके,” तो म्हणाला. “नाचता येईना, अंगण वाकडं. अंगण मी किती सरळ करू?”

त्यात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता, म्हणून तिला रागही आला नाही. उलट आत कुठेतरी हायसंच वाटलं. उद्यापासून सुटलं की थेट घर, पाय वर करून पडायचं. टाकून दे मग, असं ती म्हणाली. ती तूच टाक, माझा हात धजायचा नाही, असं दादा म्हणाला, आणि दोघं फळीकडे न बघता बसून राहिली.

दाराशी स्टुलावर वहिनी शेवटचे पेपर संपवत होती. तिने मान वर न करता विचारलं, कुठल्या फिन आधी घेतेस? तीन, बहीण म्हणाली. लहान फिनचे स्क्रू वाटेत सैल होतात, म्हणून फळी नेताना तीनच लावून नेते. दोन्ही दिवस? दोन्ही दिवस.

वहिनीने लाल पेन खाली ठेवलं.

“माझं सांगते. पन्नास पेपर तपासले की मान मोडते आणि पुढच्या पोरांना मार्क देताना हात आखडतो. चुका त्याच, मार्क कमी. म्हणून दर प्रश्नाला मी गठ्ठा उलटा करते. तुझ्या चार फिन दोन्ही दिवस गठ्ठ्याच्या तळाशी होत्या.”

अकराव्या लाटेपासून आपल्या मांड्या थरथरायला लागतात, हे बहिणीला चांगलंच ठाऊक होतं. ती थरथर आपण चार फिनच्या नावावर लिहीत होतो, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“उद्या चार आधी लाव,” दादा म्हणाला. “सहाच्या आत सांग म्हणजे झालं. रेझिन वाळायला रात्र जाते.”

तिच्या अगदी जिवावर आलं होतं. सोडून द्यायचं एकदा ठरलं, की पुन्हा धरायला दुप्पट जोर लागतो. त्यात शुक्रवारी कारखान्यातलं पिळायचं यंत्र बंद पडलं आणि ओल्या चादरींचे ढीग हातांनी उचलावे लागले. ती किनाऱ्यावर आली तेव्हा खांदे उतरले होते. लाटा आदल्या दोन दिवसांसारख्याच, कमरेएवढ्या. चारी फिन दादाने स्वतः आवळून दिल्या आणि तोही बांधावर वहिनीशेजारी येऊन बसला.

पहिल्या लाटेवर ती पडली. दुसऱ्या लाटेवर उजवीकडे झुकली आणि शेपटी आता निसटणार म्हणून अंग सैल सोडून वाट बघत राहिली; फळी वळून पुढे गेलेली तिला उशिरा कळली. दहा झाल्यावर ती गुडघा चोळत वाळूत बसली आणि एवढं पुरे म्हणाली. अर्धा पेपर मी तपासत नाही, वहिनीने सांगितलं. मग दादानेच खाली उतरून दोन लहान फिन काढल्या आणि मधली बसवली. ती उठली, गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन क्षणभर थांबली आणि आत गेली.

ती परत आली तेव्हा सहाला वीस मिनिटं होती. फळी वाचायला दहापैकी सात हवे होते. वहिनीने खुणांखाली रेघ मारली, दोनदा मोजलं आणि वाचून दाखवलं.

चार फिन, आधी: दहापैकी आठ. तीन फिन, नंतर: दहापैकी दोन.