दातांनी तोडलेली तंगूस

शिसं

आधी वजन. वजनाशिवाय गरी पाण्यावर नुसती भिरभिरते, आणि हूखेन तर तळ धरून असतो. हूखेन म्हणजे डॅन्यूबचा साल्मन, जन्मात समुद्राचं तोंड न पाहिलेला. दत्तात्रय त्याला ‘नदीतला रावस’ म्हणत. मालवणात आयुष्यभर गरवलेला माणूस. नव्या माशाला जुन्या माशाचं नातं चिकटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

तर या गोष्टीतलं वजन असं. गणपतीत दत्तात्रयांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं वाचलं, चालणं सुधारलं. उजव्या हाताची बोटं मात्र कामातून गेली. थंडीत सिद्धांतने वडिलांना जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला आणलं. तो दिवसभर कारखान्यात, आणि हे खिडकीशी, उजवा हात मांडीवर ठेवून, परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

घरात तिसरी अपूर्वा. सून. पुण्याची, सॉफ्टवेअरवाली, घरून काम करणारी, आणि ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नादाने मासेमारीची परीक्षा देऊन बसलेली. इथे परवान्याशिवाय माणूस पाण्यात साधी गरी टाकू शकत नाही. एका सकाळी तिने आपली गऱ्यांची पेटी सासऱ्यांपुढे ठेवली.

“बाबा, दुकानातल्या गऱ्या मला पटत नाहीत. तुम्ही बांधून द्याल?”

खोटं होतं. पण त्यांची डावी बोटं हलली, आणि

चामडं

हवं म्हणून दोघं रस्त्यावर आली. नको झालेलं सामान ठरल्या दिवशी फुटपाथवर काढायची इथे रीत आहे. कोपऱ्यावर एक तपकिरी सोफा बसला होता.

“हे मऊ आहे गो. काप.”

“बाबा, लोक बघतायत.”

“बघू देत. आपण कुठे बसायला आलोय.”

लोक म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या आजी. त्या खाली आल्या. अपूर्वाने मनात माफीचं जर्मन वाक्य जुळवायला घेतलं. आजींनी पिशवीतून मोठी कात्री काढली, तिच्या हातात दिली आणि “आल्झो,” चला तर, अशा सुरात म्हणून सोफ्याची दुसरी बाजू धरून उभ्या राहिल्या.

शिशाचा एक गोळा. त्याला चामड्याच्या चार लांब शेपट्या. मध्ये, जाड नायलॉनच्या दोऱ्याला, म्हणजे तंगुशीला, बांधलेल्या दोन गऱ्या. पाण्यात ओढलं की बारक्या वामांचा गुंता वळवळत निघालाय असं माशाला वाटावं. इथली जुनी माणसं असंच बांधतात. दत्तात्रयांनी नमुना एकदा पाहिला, “आपल्याकडचीच अक्कल,” म्हणाले आणि कामाला लागले. डाव्या हाताने वेढे घालायचे, तंगुशीचं एक टोक दातात. गाठ बसली की उरलेलं शेपूट दातांनीच कच्चकन तोडायचं. कात्रीला हात म्हणून लावायचे नाहीत.

आठवड्यात पेटी भरली. ते जेवताना बोलू लागले. आमटीत मीठ कमी आहे असं सुद्धा म्हणाले.

अपूर्वाने एक गरी हळूच ओढून पाहिली.

गाठ

सुटली.

दुसरी ओढली. तीही. डावा हात पाच वेढे घालू पाही, तीनच पडत. मग तिने ठरवलं. दुपारी सासऱ्यांना डुलकी लागली की ती पेटी घेऊन स्वयंपाकघरात जाई, त्यांची गाठ सोडी, आपली घाली, शेपूट नखकात्रीने साफ कापी.

“सांगून टाक ना त्यांना,” सिद्धांत म्हणाला.

“वडील तुझे आहेत. तू सांग.”

सिद्धांतने फ्रीज उघडून आत बघितलं आणि काही न घेता बंद केला.

हंगाम संपायच्या आतल्या एका शनिवारी तिघं नदीवर गेली. काठाला बर्फ, मधे हिरवं काळं पाणी. दत्तात्रय माकडटोपी घालून घडीच्या स्टुलावर. मांडीवर पेटी. ते डावा अंगठा एकेका गरीच्या गाठीवरून, तिच्या तोडलेल्या शेपटावरून फिरवत होते. जप करतायत असं अपूर्वाला वाटलं. मग त्यांनी एक उचलली, सकाळी निघता निघता बांधलेली.

“ही लाव.”

“दुसरी लावू का? तिच्या शेपट्या—”

“ही माझी, दातांनी तोडलेली. बाकीच्या कोणाच्या?”

सिद्धांत गाडीत राहिलेलं काहीतरी आणायला गेला.

अपूर्वाने ती लावली. ओढून पाहिली नाही. ते बघत होते.

दुपार कलता कलता दांडी वाकली. तळाला अडकली असं वाटावं इतकं जड, आणि मग ते जड चालू लागलं. चक्री किरकिरली. पाण्यात तांबूस कूस एकदा वळली, मांडीएवढी. आणि

शेपूट

काही नाही.

शिसं परत आलं, शेपट्या आल्या, खालची गरी आली नाही. तिच्या जागी तंगुशीचं टोक होतं, काकडीच्या तणाव्यासारखं वळलेलं.

दत्तात्रयांनी ते टोक बोटावर घेतलं. “तुटली नाही. सुटली.” मग म्हणाले, “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग लावलीस का?”

“तुम्ही बघत होतात.”

“मासा नव्हता बघत? आता माझी गरी तोंडात घेऊन फिरेल तो.”

“रुतून बसायला उलटं टोक नाहीये बाबा तिला. इथे तशाच वापरायच्या. गळून पडेल.”

“पडेल ना?”

“पडते.”

त्यांनी नाक पुसलं. “इतके दिवस माझ्यामागे बांधत बसलीस. ऑफिसचं काम कधी करत होतीस?”

“तेव्हा मीटिंग असायची. मी कॅमेरा बंद ठेवायचे.”

ते हसले, तोंडाची उजवी बाजू जरा उशिरा हसली. त्यांनी नवी गरी घेतली, तंगुशीचं टोक डाव्या हातात धरलं आणि दुसरं नेहमीसारखं दातात न घेता तिच्यापुढे केलं.

“धर. घट्ट. माझा उजवा समज. नुसतं धरायचं, शहाणपणा करायचा नाही.”

तिने धरलं. त्यांनी वेढे घातले. तिसऱ्याला हात थांबला. तिने टोक किंचित वर उचललं, आणि चौथा पडला, पाचवाही.

“आता नदीत बुडवून ओली कर, कोरडी ओढली तर भाजते. हां. ओढ.”

गाठ बसली. अपूर्वाचा हात सवयीने खिशातल्या नखकात्रीकडे गेला. दत्तात्रयांनी नुसतं पाहिलं. तिने वाकून शेपूट दातांत धरलं आणि तोडलं. थंडगार होतं, खारट नव्हतं.

त्यांनी अंगठा फिरवला. “तिरकं तोडलंस. दात वाकडे आहेत तुझे.”

“तुमच्या मुलाने पसंत केलेत.”

“त्याला काय कळतंय. टाक आता. उजेड आहे तोवर.”

तिने टाकली.