नामानाची पाचवी बुडी

घशातली गाठ काढून पाच महिने झाले होते, आणि नीलकंठरावांचा आवाज मध्यमाच्या वर जात नव्हता. पेज मागायला पुरत होता. पंखा बंद कर म्हणायला पुरत होता. कीर्तनाला पुरत नव्हता.

आयुष्यभर हिंदी मुलखातल्या रांझीच्या कारखान्यात लेथवर उभं राहून त्यांनी पोट भरलं, पण वस्तीतल्या मराठी मंडळीत त्यांची ओळख होती ती ख्रिस्ती कीर्तनकार म्हणून. कापणीच्या सणाला भोपळे, पेरू, मक्याची कणसं वेदीपुढे मांडली की दुपारी त्यांचं नामानाचं आख्यान ठरलेलं. अंगावर कोड उठलेला सेनापती नामान. संदेष्टा अलीशा त्याला भेटायलाही बाहेर येत नाही. नुसता निरोप धाडतो, यार्देन नदीत सात बुड्या मार. त्या सात बुड्या नीलकंठराव सात सुरांवर घेत. पहिली षड्जावर, दुसरी रिषभावर, अशी चढत सातवी निषादावर; आणि नामान शुद्ध होऊन पाण्याबाहेर आला की वरचा षड्ज. तो लागला की मागच्या बाकावर पेंगणारी मालनबाईसुद्धा ताठ बसायची.

बुड्या ते एकटेच घेत. मागे झांजा धरून उभ्या असलेल्या साथीदारांनी फक्त ध्रुवपद उचलायचं. एका वर्षी बेबीनं, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हेमलताच्या धाकट्या बहिणीनं, भरात येऊन पाचवी बुडी त्यांच्याबरोबर घेतली. त्यांनी हात वर करून कीर्तन थांबवलं. "बेबी, नामान एकच होता," ते सगळ्यांसमोर म्हणाले. लोक हसले. बेबीही हसली, पण नंतर अकरा वर्षं साथीला उभी राहिली नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी देवाजवळ एकच मागणं केलं होतं. आवाज ठेव, बाकी काहीही घे. देवानं बाकी सगळं ठेवलं. तेव्हापासून जेवणाआधीची प्रार्थना हेमलता करी, आणि नीलकंठराव उघड्या डोळ्यांनी वरणाकडे बघत बसत. उपासनेला जात, कारण गेलं नाही तर लोक विचारायला घरी येतील.

सण आठवड्यावर आला तेव्हा मंडळीचे पंच विष्णुपंत आले. "यंदा कसं करता जी?"

"गळा तर पाहूनच राहिले ना तुमी."

"मंग बोलून सांगा. गाणं आमी म्हणू."

"बोलून तर पाळकसाहेब दर रविवारी सांगते. लोक झोपते."

"अच्छा. मग नागपूरहून कोणाले तरी बोलावतो."

"बोलवायचं काही काम नाही," नीलकंठराव म्हणाले. "मी करतो."

विष्णुपंत गेल्यावर त्यांनी पेटी काढली. चार सूर आले. पाचव्याला नुसती हवा. पट्टी उतरवून पाहिली तर खालचा षड्जच बुडाला. चार सुरांपलीकडे गळाच उरला नव्हता, ना वर ना खाली.

"बेबीले म्हणा ना," भाजी निवडता निवडता हेमलता म्हणाली. "वरचे सूर तू घे म्हणा."

"अन् मी काय करू?"

"उभे राहा."

"देवाले एक पंचम देता येत नव्हता का मले? सेनापतीची कातडी नवी करून देते म्हणतेत. खरं असन का ते तरी?"

हेमलतानं सुरी खाली ठेवली. "मले नाही माहीत जी. मी थकली आता. पाच महिन्यांपासून तुमची प्रार्थनाही मीच करून राहिली अन् माझीही. दोघांचं एकटीनं किती करू?"

ते पेटी झाकत बसले. बेबीकडे गेले नाहीत.

सणाच्या रविवारी ते कीर्तनाला उभे राहिले. नामान चिडतो, आमच्या दिमिष्कातल्या नद्या काय वाईट आहेत म्हणतो, तिथे ते दरवर्षी छाती फुगवत. आज फुगवली तर खोकला आला. मग नामानाचे चाकर त्याला समजावतात ती जागा. संदेष्ट्यानं काही अवघड सांगितलं असतं तर केलं असतं ना, धनी? त्यानं तर नुसतं अंघोळ कर म्हटलंय. हे वाक्य त्यांनी वीस वर्षं म्हटलं होतं. आज म्हणून झाल्यावर पुढचं लवकर सुचेना. अवघड काही त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं; बेबीला म्हणा, एवढंच.

पहिली बुडी. दुसरी. तिसरी. चौथी कशीबशी.

पाचवीला तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. पेटीवाला पुंडलिक पंचम धरून थांबला. हात जोडून खाली बसता आलं असतं. आजारी माणूस, कुणी नाव ठेवलं नसतं. नामान अर्धाच राहिला असता, एवढंच.

त्यांनी तिसऱ्या बाकाकडे बघितलं.

"बेबी," ते म्हणाले, "ये पाण्यात. मले एकट्याले नाही होत."

बेबीनं पदर सारखा केला. "नामान तर एकच होता ना, भाऊजी."

कुणीतरी फिसकन हसलं. "एकच होता," नीलकंठराव म्हणाले. "पण त्याले पाण्यापर्यंत त्याच्या माणसांनी आणलं. चूक माझी होती, बेबी."

ती उठून पुढे आली नाही. बाकावर बसूनच तिनं पंचम लावला, जरा चढा, पण लावला. सहावीला साथीदार मिळाले, सातवीला अख्खी मंडळी. वरचा षड्ज निम्म्या लोकांना लागलाच नाही. नीलकंठराव झांजा धरून डोळे मिटून उभे होते. आवाज परत दे असं त्यांनी म्हटलं नाही. तू आहेस, एवढंच म्हटलं, आणि ते म्हणताना मनात शंका आली नाही.

घरी ताटं वाढली. "आज मी करतो प्रार्थना," ते म्हणाले. हेमलतानं हातातला डाव ठेवून डोळे मिटले. घोगऱ्या आवाजात चार वाक्यं झाली, शेवटच्या वाक्यात बेबीचं नाव होतं.

आमेन ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी डोळे उघडले. हेमलता भिंतीला टेकून झोपली होती. त्यांनी तिला उठवलं नाही. तिचं ताट झाकून ठेवलं, आणि तिच्या वाटचं आमेन आपणच म्हटलं.