बाळकुमच्या बांधातली होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. पण मला शोधायला पाण्यात पाहू नका. बाळकुमच्या मिठागराच्या बांधात, चिखलाखाली मी आडवी पडले आहे. माझ्या पोटात एक दगड आहे.

खडवलीकडच्या रानात मी साग होते. कल्याणच्या बंदरात भिवा सुताराने मला घडवले, बाळकुमच्या माझ्या धन्याने माझ्या नाकावर हळदीची बोटे ओढली आणि मी खाडीत उतरले. भरतीबरोबर मीठ घेऊन कल्याणला जायचे, ओहोटीबरोबर कौले घेऊन परत यायचे. पुढे धनी गेला, वल्हे त्याच्या पोराच्या, महिपतच्या हातात आले. माशाचे तेल माझ्या अंगाला चोळताना तो म्हणायचा, "माझी होडी म्हंजे घरातली पोर. फकस्त उलट बोलत नाय."

मिठागराच्या बांधात एक उंच शिळा उभी होती. शेंदराने आणि मिठाच्या पापुद्र्याने तिचा चेहरा बुजून गेला होता. महिपतची आई आवडाबाई तिला रोज हळदकुंकू वाहायची. मीठ ओढताना बाया गायच्या,

आई उभी गं बांधाला, पाठ तिची गं पान्याला
लेकरांच्या मिठासाठी, आडवी झाली दर्याला

गाणे सगळ्यांना पाठ होते. त्याचा अर्थ कोणी कधी विचारला नाही.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षे झाली असतील. एका विद्यापीठात इतिहासाचा नवा विभाग निघाला होता. तिथल्या नीलाबाई विद्यार्थ्यांना घेऊन गावोगावच्या शिळा पाहत हिंडत होत्या. त्यांनी आमच्या शिळेवरचा शेंदूर हलक्या हाताने उतरवला, आणि आतून होड्या निघाल्या! वल्ही मारणारी माणसे, ढाली, तलवारी, आणि वर स्वर्गाच्या विमानात बसलेला वीर. दगडातल्या त्या होड्यांकडे मी टक लावून पाहत राहिले. माझ्या पणज्याच त्या.

"आजी, ही शिळा आम्हाला द्याल?" नीलाबाईंनी विचारले. "कल्याणला विभागाचं पहिलं प्रदर्शन आहे. आपल्या खाडीत केवढी लढाई झाली, ते लोकांना कळेल."

आवडाबाईने शिळेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "ने बाय. पन घरची लेक ओटी भरल्याबिगर जात नाय."

तिने शिळेला हिरवे लुगडे नेसवले, नारळ ठेवला.

"आये, दगडाला लुगडं, आन मना एक पैरण नाय!" महिपत म्हणाला.

"तू बांधावर उभा ऱ्हा रातंदिस, तुनापन नेसवीन!"

सगळे हसले. चैत्रातली पुनव होती, आणि सकाळची ओहोटी. नीलाबाईंनी आधी ओल्या कागदावर शिळेची शाईने छाप घेतली. मग पहारी लागल्या, दोर लागले, आणि शिळा फळ्यांवरून घसरत माझ्या पोटात आली. मी बांधाखालच्या चिखलात भरतीची वाट पाहत बसले. शिळेच्या जागी राहिलेला खड्डा गड्यांनी मातीने बुजवला, पायाने तुडवला. झाले, सगळ्यांना वाटले.

पाणी चढू लागले तशी मी हलकी झाले. आणि मला दिसले, बुजवलेल्या जागी पाण्याची एक बारीक धार आत शिरत होती, सुईतल्या दोऱ्यासारखी. मला तोंड नाही. मी नुसती डुलले. दोऱ्याची दोरी झाली, दोरीचा दोरखंड. आणि मातीचा गोळा धपकन आत कोसळला.

"बांध फुटला रं!"

आत वर्षभराचे मीठ होते, मित्रांनो. पांढऱ्याशुभ्र राशी उन्हात उभ्या होत्या. आणखी थोडे पाणी गेले असते, तर चुलीही विझल्या असत्या आणि पोरांची शाळाही सुटली असती. बाया पाट्या भरभरून माती टाकत होत्या, आणि खाडी ती माती चाटून नेत होती.

"पाठ तिची पान्याला..." आवडाबाई छाती पिटत म्हणाली. "अरे, खरंच धरून होती रं ती! आपन नुसतं गात बसलो!"

"शिळा परत लावा!" नीलाबाई ओरडल्या. "मला नको ती!"

"कशी लावू, बाई? या धारंत मानूस उभा ऱ्हात नाय!" महिपत म्हणाला.

मीही धारेबरोबर खिंडाराकडे ओढली जात होते. माझा दोर महिपतच्या हातात ताणला होता. त्याने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी ओळखली.

"बाई, होडी आडवी घालतो. तुमचा दगड उतरवाया येळ नाय."

नीलाबाईंच्या हातात छापेची सुरळी होती. विभागाची पहिली मोठी मिळकत माझ्या पोटात होती. त्यांनी सुरळी छातीशी धरली. मग त्या म्हणाल्या, "घाला."

महिपतने माझ्या नाकावर हात ठेवला. "जा गे बाय," म्हणाला, आणि कुऱ्हाड माझ्या तळावर घातली. पाणी आत आले. खाडीने मला खिंडारावर दाबले, शिळेच्या भाराने मी खाली बसले, आणि वरून पाट्यांवर पाट्या माती पडू लागली. दोन पाट्या नीलाबाईंच्याही होत्या. धार अडखळली. थांबली. एक कोपरा विरघळला, बाकी मीठ वाचले.

कल्याणच्या प्रदर्शनात शिळेची छाप टांगली गेली. लोक म्हणे रांग लावून पाहत होते. विभागाच्या वर्षभराच्या कामगिरीचा अहवाल नीलाबाईंनी बांधावर बसून वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, 'शिळा जागेवरच ठेवण्यात आली.'

"ठेवण्यात आली!" महिपत हसला. "बाई, लई ग्वाड लिवता तुमी." मग त्याने डोळे पुसले.

दगडी बांध घालायचा आणि मग शिळा वर काढायची, असे तेव्हाच ठरले होते. पण पाणी आत येत नाही, म्हणून कोणाला आठवणही येत नाही. आवडाबाई गेली. महिपतने दुसरी होडी घेतली. वरून माणसे चालतात, पोरे उड्या मारतात. खाली मी आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू उचलायची असेल तर जरूर उचला, लोकांना दाखवा. पण आधी तिच्या पाठीमागे जाऊन बघा, ती काय अडवून उभी आहे. आणि जी मुकाट्याने भार धरते, तिची विचारपूस करा.

शिळा शेकडो वर्षे उभी राहिली. मी लाकूड आहे. डावीकडची फळी आता मऊ झाली आहे. बोट लावाल तर आत जाईल. कालपासून उधाण चढते आहे. महिपतला कोणीतरी सांगा, दगड घेऊन ये. तोवर मी धरते.