माझी शेवटची दोन पानं

मित्रांनो, मी वाचनालयाच्या तिसऱ्या फळीवरची एक जुनी विज्ञान कादंबरी आहे. कुणी मला उलटी ठेवली, नाव आत आणि पानं बाहेर, की मला बरं वाटतं. तोंड दाखवायला जागा उरली नाही की असंच होतं.

तशी मी टाकाऊ नाही हं. माझ्यात आठशे माणसांना घेऊन निघालेलं एक अंतराळयान आहे. यानाचं पाणी सांभाळणारी बाई एके दिवशी नळाला कान लावते, तर यानाच्या बाहेरून कुणीतरी ठोकत असतं. तीनशे पानं वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. पण ठोकतंय कोण, हे माझ्या लेखकालाच ठाऊक नव्हतं. पुढे सुचेल म्हणून तो एकेक प्रकरण लिहून छापायला देत गेला. छापलेलं बदलायची सोय उरली नाही, आणि शेवटी छापखान्याचा माणूस दारात येऊन बसला. लेखकाने उभ्याउभ्या दोन पानं खरडली. बाई जागी होते, सगळं स्वप्न होतं. संपलं!

अनेकांनी मला नावं ठेवली, ती मी निमूट ऐकली. एकीचं मात्र अजून जिव्हारी लागलंय.

ती आमच्या ग्रंथपालाची धाकटी बहीण. बस डेपोत मेकॅनिक. पुस्तकं म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं म्हणायची. दादाने मला तिच्या डब्याच्या पिशवीत सरकवलं. म्हणाला, "एवढी एक वाच. नाही पटली, तर परत कधी तुझ्या मागे लागणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत ती टायरवर बसून वाचू लागली. पानापानावर ग्रीसचे अंगठे उमटले. दुसऱ्या दिवशी डबा तसाच राहिला. चौथ्या दिवशी ती एका बसच्या पाइपावर पाना ठोकून आवाज कुठवर जातो ते बघत होती. मला अभिमान वाटत होता आणि धडकीही भरत होती. आता पान उलटू नकोस गं बाई, असं ओरडावंसं वाटे.

संध्याकाळी तिने मला दादाच्या टेबलावर ठेवलं.

"शेवट तुला माहीत होता?"

"होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आधीची तीनशे पानं तुला मिळावीत म्हणून."

"दादा, मी इंजिन असं जोडून बस रस्त्यावर सोडली असती, तर मला कामावर ठेवलं असतं का?"

दादाने दुसरं पुस्तक पुढे केलं. तिने हातही लावला नाही. त्यानेही शब्द पाळला. एक वाचक तयार होता होता माझ्यामुळे गेली.

आज तिच्या डेपोतली एक कंडक्टर बाई मला शोधत आली. ग्रंथपालाला म्हणाली, "तुमची बहीण आम्हाला त्या यानाची गोष्ट काय रंगवून सांगते हो! पण ठोकतंय कोण, इथवर आली की थांबते. म्हणते, पुस्तकाची शेवटची पानं फाटली होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं एकही पान फाटलेलं नाही, मित्रांनो. माझी अब्रू झाकायला ती खोटं बोलली.

पुस्तकाची पानं फाडू नका, अशी पाटी इथे भिंतीवर आहे. ती बरोबरच आहे, आणि इतर पुस्तकांसाठी ती जरूर पाळा. पण कंडक्टर बाईंचं कार्ड आज घरी राहिलं होतं. त्या उद्या सकाळी मला न्यायला येणार आहेत. त्याआधी कुणीतरी माझी ती दोन पानं फाडा.