निळं झालेलं फडकं

बाबांचं आणि माझं वाजलं ते एका मशीनवरून, आणि मी नेहमीप्रमाणे एक वाक्य जास्त बोलून बसले. "मशीन परत गेलं तर मीही जाईन," असं मी जेवता जेवता जाहीर केलं. एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमधून मला नोकरीचं बोलावणं आलेलं होतंच. आई म्हणाली, "भाजी वाढू का?" बाबांनी ताट पुढे केलं, म्हणजे त्यांनी नीट ऐकलं होतं.

आमचं गाड्यांना पॉलिश करायचं गॅरेज आहे. आत दोन गाड्या मावतात, तिसरी आली तर तिने बाहेर उभं राहायचं. बाबा तीस वर्षं हाताने पॉलिश करताहेत आणि गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, आणि माझं मत पक्कं आहे. गाडी उन्हात उभी केली की रंगावर बारीक गोल ओरखड्यांची जाळी दिसते. हाताने घासून चमक येते, पण जाळी त्या चमकेखाली ठाण मांडून बसलेली असते. मशीनचं पॅड मात्र सगळीकडे सारख्या दाबाने फिरतं. ते दमत नाही, त्याची पाठ दुखत नाही. हे सगळं मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि त्याला अक्कलही नसते."

"ती मी पुरवते ना," मी म्हटलं.

"तुझ्याकडे किती शिल्लक आहे ते आधी बघ."

मशीन मी पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलं होतं. नको असेल तर त्या मुदतीत परत करायचं. चौदाव्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली आणि बाबांनी निकाल लावायचं ठरवलं.

ही गाडी म्हणजे बाबांचा जीव की प्राण. गडद निळी, जुनी, पण रंग अजून कारखान्यातलाच. गेली बावीस वर्षं तिला बाबांशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता. बाई चावी देऊन दवाखान्यात गेल्या. बाबा म्हणाले, "चारही दारं तुझी, बॉनेट माझं. चार वाजता बाई येतील. दारं चांगली निघाली तर मशीन राहील. नाहीतर उद्या मी स्वतः रिक्षात घालून पोचवून येतो."

मला हेच हवं होतं. मी गाडी धुतली, दारांच्या कडांना चिकटपट्टी लावली आणि रंगाची जाडी मोजणारं मीटर काढलं. मशीन लावण्याआधी रंग किती उरलाय ते बघावंच लागतं. सगळ्या दारांवर आकडा एकशे पंधरा मायक्रॉनच्या आसपास आला. उत्तम. मी मीटर घेऊन बॉनेटकडे वळले तर बाबा मध्ये उभे. "माझ्या बॉनेटला ताप आलेला नाही. तुझा थर्मामीटर तिकडेच ठेव."

दारं मी दोन तासांत उरकली. मऊ पॅड, कमी वेग, एका जागी थांबायचं नाही. मग दिवा लावून तिरका धरला. जाळी गायब. माझा चेहरा दारात अगदी नाकावरच्या तिळासकट दिसत होता. बाबा येऊन बघून गेले. कौतुक नाही, पण खोटही काढली नाही. मी मनातल्या मनात मशीन कायमचं फळीवर ठेवूनही टाकलं.

आता बॉनेटची पाळी होती. बाबा कंपाउंडचा, म्हणजे घासायच्या लेपाचा, नवा डबा आणायला मागच्या खोलीत गेले, तेवढ्यात मी मीटर बॉनेटवर टेकवलं. खोडच माझी. मधोमध एकशे सात. डावीकडे एकशे चार. उजव्या कोपऱ्यात चोपन्न. मी पुन्हा टेकवलं. बावन्न.

बाबा प्रत्येक गाडीची सुरुवात उजव्या कोपऱ्यातूनच करतात. ताजं कंपाउंड, ताजा दम, सगळा जोर तिथे. फडकं निळं होईपर्यंत घासायचं, मग पुढे सरकायचं. "फडकं निळं झालं की समजायचं, मळ सुटला," हे त्यांनी मलाही शिकवलं होतं आणि मीही ते डोळे मिटून मानलं होतं. पण अशा जुन्या गाडीच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसतो. फडक्याला लागतो तो मळ नसतो, रंगच असतो. म्हणजे बावीस वर्षं बाबा डॉक्टरीणबाईंची गाडी फडक्याने पुसून घरी नेत होते.

आता खरं सांगते. मला गप्प बसावंसं वाटलं. बाबा येणार, नेहमीसारखा जोर लावणार, आणि दहा-बारा हातांत खालचं राखाडी अस्तर वर येणार. मी एक शब्द न बोलता जिंकणार. उलट, तोंड उघडलं तर हात दाखवून अवलक्षण, कारण त्या कोपऱ्यावर मशीनही चाललं नसतं, आणि बाबांना आयतं निमित्त मिळालं असतं. मी मीटर खिशात घातलं.

बाबा आले. फडक्यावर कंपाउंड घेतलं, बाह्या सरसावल्या आणि बोटं कोपऱ्यावर ठेवली. ठेवताना त्यांनी बॉनेटवर दोनदा हलकेच थोपटलं, जसं माझ्या लहानपणी माझ्या पाठीवर थोपटायचे. मी त्यांचं मनगट धरलं.

"काय गं?"

"बाबा, इथे घासू नका. रंग संपलाय."

"काय बोलतेस?"

मी मीटर टेकवलं. दारावर एकशे तेरा, छतावर एकशे अठरा, कोपऱ्यात त्रेपन्न. "बिघडलंय तुझं मीटर," ते म्हणाले, आणि ते माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः पाच वेळा टेकवलं. पाचही वेळा आकडा पन्नाशीतच. मग मी फडक्याची गोष्ट सांगितली. आवाज चढवायची सवय असूनही तो चढला नाही. बाबा उलट्या बादलीवर बसले आणि आपल्या तळहातांकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. जिंकल्यावर असं वाटेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझं मशीन इथे काय करेल?"

"वाट लावेल. अर्ध्या मिनिटात."

"मग?"

"उरलेलं बॉनेट मशीनने. या कोपऱ्याला नुसतं मेण, अगदी हलक्या हाताने. तुम्ही लावा."

"माझा हात जड आहे. तुझ्या मीटरनेच सांगितलं ना?"

"मग हलका करा. शिकायला असं काय वय झालंय तुमचं?"

ते हसले, पण नेहमीसारखे नाही. मी कोपऱ्याभोवती चिकटपट्टी लावून बाकीचं बॉनेट मशीनने केलं. नंतर बाबांनी दोन बोटांनी मेण लावलं, आणि तेवढ्याशा जागेला त्यांनी पाऊण तास घेतला.

चार वाजता बाई आल्या आणि गाडी बघून "वा, मास्तर!" म्हणाल्या. मी बाबांकडे बघितलं. इथे त्यांनी नुसतं मान हलवून हसायचं होतं, एवढंच. कोपरा चमकत होता, कोणाला काही कळलं नसतं, आणि मीही कुठे बोलले नसते.

बाबांनी बाईंना कोपऱ्यापाशी नेलं. "इथला रंग मी झिजवलाय," ते म्हणाले. "बावीस वर्षं. मला वाटायचं मळ निघतोय. हिने आज हात धरला नसता तर अस्तर दिसलं असतं तुम्हाला."

बाईंनी वाकून कोपरा निरखला. मग म्हणाल्या, "जोरजोरात घासणाऱ्यांचेच दात आधी झिजतात, मास्तर. माझा अर्धा दवाखाना त्यांच्यावर चालतो." त्यांनी चावी घेण्यासाठी हात पुढे केला. "पुढच्या वर्षी काय करायचं मग?"

बाबांनी चावी त्यांना दिली नाही. ती माझ्या हातात ठेवली. "हिच्याशी बोला. गॅरेज आता हिचं आहे," ते म्हणाले, आणि फडकं धुवायला नळाकडे गेले.

बाई उत्तराची वाट बघत होत्या. मला काहीतरी ठणकावून बोलायचं होतं, पण मी चावी घट्ट धरून रडायलाच लागले.