बारशासाठी ठेवलेली वाईन

गडद काचेची एक बाटली, तांदळाच्या डब्यामागे.

चार महिने झाले, श्रीपादने पिठलं केलेलं नाही.

परक्या माणसांसाठी वेगळे ठेवलेले चिनी मातीचे दोन कप.

निर्वासितांच्या कॅम्पातली सिंधी डॉक्टरीण मराठी बरं बोलते.

बाराव्या दिवशी बारसं.

मंगळवारी संध्याकाळी श्रीपाद कारखान्यातून अंबरनाथच्या क्वार्टरवर आला, तर ती बाटली टेबलावर आणि खिडक्या लावलेल्या. दारूबंदीचे दिवस, त्यात शेजारी कोंडाजी हवालदार. तरी श्रीपादला भीती वाटायच्या आधी आनंदच झाला.

बाटली सात वर्षांपूर्वीची. बायकोला, सुनंदाला, तेव्हा दिवस गेले होते. मायदेशी परतणाऱ्या कारखान्याच्या गोऱ्या साहेबाने दिली: लाल वाईन आहे, बाळ झालं की उघडा. बारसं झालं की उघडायची, असं ठरलं. बाळ नवव्या दिवशी गेलं. मग दोघांनी बाटलीचा विषय काढला नाही. सुनंदा दर दिवाळीला ती पुसायची आणि परत मागे सारायची, एवढंच.

महिन्यातले तीन दिवस सुनंदा बाहेर बसायची, तेव्हा स्वयंपाक श्रीपादकडे यायचा, आणि त्याला पिठलं-भातापलीकडे काही येत नव्हतं. गेले चार महिने त्याच्यावर ती पाळी आली नव्हती. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, दृष्ट लागेल म्हणून तोंडातून शब्द काढला नाही, सोमवारी शिवमंदिरात मात्र बेल जास्त वाहिला.

"कितवा?" त्याने विचारलं.

सुनंदाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती खाली बसली.

"अहो, तसं नाही. थांबलंय माझं. डॉक्टरीण म्हणाली, आता यायचं नाही."

श्रीपाद म्हणाला, मग राहू दे बाटली, ती काय खायला मागते का. दुसरा डॉक्टर बघू, मुंबईला जाऊ. सुनंदा म्हणाली, मला आता वाट बघवत नाही. तुम्ही उघडा, नाहीतर मी मोरीत ओतते.

श्रीपादने बाटली उचलून बूच चाचपलं. मग त्याने लाटणं मागितलं.

बूच बाहेर येईना, म्हणून लाटण्याच्या टोकाने आत ढकललं. घरच्या भांड्यांना दारू लागायला नको, म्हणून परक्यांचे कप निघाले. वाईन आंबटढाण झाली होती. साहेबलोक अशीच पीत असतील असं समजून सुनंदाने तीत गूळ चिरून घातला. मग बरी लागली. दुसऱ्या कपाला तर चांगलीच लागली. ती पाय पसरून भिंतीला टेकली. नवऱ्यासमोर ती अशी कधी बसली नव्हती.

बारशाआधी नाव बोलायचं नसतं, म्हणून तेव्हा दोघांनी आपापलं मनातच ठेवलं होतं.

"तुम्ही काय धरलं होतं?"

"वेणू."

"वेणू? तुमच्या त्या बोळक्या आत्याचं?" ती इतकी हसली की कप हिंदकळला. "पोरीने जन्मभर बोल लावला असता तुम्हाला."

"लावू दे की. तू काय धरलं होतंस?"

सुनंदाने कपाच्या तळाचा गूळ बोटाने पुसून चाटला. हसू केव्हाच ओसरलं होतं.

"वेणूच राहू दे," ती म्हणाली.

श्रीपादने उरलेली वाईन दोन्ही कपांत सारखी ओतली.

बाळ गेलं त्या दुपारी श्रीपादला कारखान्यात शोधून काढायला निरोप्याला पाऊण तास लागला होता. तेवढा वेळ सुनंदा बाळाला मांडीवर घेऊन एकटीच होती, आणि आपण धरलेल्या नावाने त्याला हाका मारत होती.