रुसलेल्या राधेची पापणी

पांढरा रंग कालवायची शिंपली ओली होती.

ताईने तिच्यात करंगळी फिरवली, बोटाकडे पाहिलं आणि तिचं डोकंच सणकलं. काल काम आवरताना तिने स्वतः ही शिंपली पुसून पालथी घातली होती. पांढऱ्याचं काम कुठे? डोळ्यांत. आणि या घरात डोळे कोण काढतं? ताई. बाबा गेल्यापासून फक्त ताई.

दोघी बहिणींचं चित्रांचं काम वाटलेलं होतं. धाकटी चिमी झाडं, महाल, गाई, कपडे रंगवायची. सगळ्यात शेवटी चार केसांचा कुंचला घेऊन ताई बसायची आणि राधाकृष्णाचे डोळे उघडायची. तोवर ती दोघं आंधळीच. कागदाच्या मागे जे पद लिहिलेलं, त्याचा सगळा जीव त्या डोळ्यांत. एवढा एकच मान ताईकडे होता आणि तोही कुणीतरी पळवत होतं. कुणीतरी कसलं, घरात होत्याच दोघी.

"चिमे, पांढऱ्याला हात लावलास?"

"गाईचं शेपूट राहिलं होतं."

"उठल्या उठल्या शेपूट?"

"मग काय, गाईला विचारून वेळ ठरवू?"

उत्तर कसं ओठांवर तयार! ताई मनात म्हणाली, थांब, बघतेच तुला.

त्या दिवशीच्या पानावर राधा रात्रभर वाट बघून थकलेली होती. पहाटे कृष्ण येतो, त्याच्या ओठाला दुसरीचं काजळ. पदात राधा त्या काजळाकडे टक लावून बघते. ताईने मुद्दाम उलटं केलं. राधेची पापणी एका फटक्यात, रागारागाने, खाली पाडली. बुबुळ नाहीच. कृष्णाचा डोळा मात्र नेहमीसारखा, श्वास रोखून, मन लावून काढला. पदाला सोडून केलेली चूक चिमीला खुपणारच. ती पापणी उघडायला जाणार आणि बरोबर सापडणार.

"मी बाजारात जाऊन येते गं," असं ओरडून ताई निघाली आणि उगाचच चार दुकानं फिरून आली.

पापणी जशीच्या तशी होती.

ताईला हायसं वाटलं. थोडी लाजही वाटली. बिचारीवर नसता आळ घेतला आपण. मग सहज तिची नजर कृष्णाकडे गेली. तिने भिंग उचललं, पान खिडकीकडे तिरपं धरलं. डोळ्याची शेपटी कानाकडे गेली होती, सरळ, ताणलेल्या दोऱ्यासारखी. पांढऱ्याखाली आधीची रेघ पुसट दिसत होती. वेडीवाकडी. ती ताईची.

"चिमे! इकडे ये! हे कुणी केलं?"

चिमी दारातच थांबली. "तुझा हात थरथरतो, ताई. बरेच दिवस झाले. कृष्ण तिरळा दिसत होता."

"मला तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"तुला? तोंडावर? भाजीत मीठ कमी म्हटलं तर आठवडाभर अबोला धरतेस तू!"

"मग राधेला का सोडलंस? ती चूक होती. मी मुद्दाम केली होती."

"चूक?" चिमी जवळ आली. "मला वाटलं, आज काय जमून गेलंय तुला! असल्या माणसाचं तोंड कशाला बघेल ती? इतकी रुसलेली राधा आपल्याकडे कधी झालीच नव्हती. तिला मी कशी हात लावू?"

जे ठरवून बिघडवलं ते राहिलं आणि जीव ओतून केलं ते पुसलं गेलं. ताईने स्वतःचा हात उजेडात धरला. बोटं थरथरत होती. खोटं कसं म्हणणार?

"बस इथे," तिने कुंचला चिमीपुढे सरकवला. "उघडे डोळे तू काढायचेस. पण माझ्यासमोर. चोरून नाही."

"आणि तू?"

"खाली झुकलेल्या पापण्या माझ्या. रुसलेल्या, लाजलेल्या, सगळ्या."

चिमीने पुढचं पान घेतलं. ताई भिंग घेऊन तिच्या खांद्याला चिकटून बसली.

"ताई, मानेवर श्वास लागतोय तुझा."

"लागू दे."